विश्लेषण : ‘घरकोंबडा’ असण्यात गैर काय? घरात रमण्याचे सुख नेमके कुणाच्या वाट्याला येते?

चिकलठाणा म्हटले, की छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला बाहेर पडण्याच्याच गोष्टी आठवतात. विमानतळ इथे, जालना रोड इथला, मनमाड-काचीगुडा मार्गावरचे छोटे रेल्वे स्थानक इथे. एमआयडीसीची वसाहत आहे आणि २०१० पासून त्याच वसाहतीत भलामोठा मॉलही आहे. तरीही पाळी संपली, की मॉलकडे ढुंकूनही न पाहता थेट घर गाठणारे, एकदा चपला काढल्या की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यात पाय न घालणारे लोक इथे कमी नाहीत. मित्र त्यांना चिडवतात, लग्नकार्यात नातेवाईक टोमणे मारतात. अलीकडे मात्र हाच स्वभाव समाजमाध्यमांवर कौतुकाचा विषय झाला आहे. शनिवारी संध्याकाळी घरात चहा, पुस्तक, खिडकीतली तुळस, अशा छायाचित्रांना हजारोंनी पसंती मिळते. घरातच समाधानी असणे हा आळस, आजार की शहाणपण? आणि एकाच घरातल्या सगळ्यांना ते सारखे मिळते का?

‘घरकोंबडा’ कुणाला म्हणतात?

मराठीत ‘गृहस्थ’ हा आदराचा शब्द आहे. त्याचा सरळ अर्थ घरात राहणारा, घर सांभाळणारा. पण एखादा पुरुष खरोखरच घरात राहू लागला, तर तो गृहस्थ उरत नाही, घरकोंबडा होतो. करोनाकाळापासून राजकीय सभांतही हा शब्द इतका वापरला गेला, की तो आता शिवी म्हणूनच ऐकू येतो. पुरुषाने बाहेर पडावे, चार माणसांत ऊठबस करावी, देशाटन करून शहाणे व्हावे, ही अपेक्षा आपल्याकडे शाळेतल्या पाठांतरापासूनच सुरू होते.

बाईच्या बाबतीत सगळे उलटे. घरात राहणारी ती ‘घरंदाज’, आणि कारणाशिवाय बाहेर पडणारी ‘भटकभवानी’. या शब्दाचा पुल्लिंगी जोडीदार मराठीत रूढ नाही. घरात बसण्याबद्दल पुरुषाला आणि बाहेर फिरण्याबद्दल बाईला नावे ठेवणाऱ्या भाषेत घरात रमणे हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न कसा असेल? तो स्वभाव कुणाचा आहे, त्यावर त्याला दोष म्हणायचे की गुण, हे आधीच ठरलेले असते.

हा स्वभाव आहे की आजार?

बहुतेक वेळा स्वभावच. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख असे व्यक्तिमत्त्वाचे दोन कल मांडले, तेव्हापासून हे शब्द सर्वत्र रूढ झाले. अंतर्मुख माणसाला माणसांचा तिटकारा असतो असे नाही. गर्दीत त्याची शक्ती खर्च होते आणि एकांतात ती भरून निघते, इतकेच. अर्थात घरात रमणारा प्रत्येक जण अंतर्मुख असतो असेही नाही. घरात दहा पाहुणे गोळा करून खूश होणारी, पण स्वतः कुणाकडे न जाणारी माणसे प्रत्येकाच्या नात्यात असतात.

थुई-व्ही न्युएन, रिचर्ड रायन आणि एडवर्ड डेसी या संशोधकांनी २०१८ मध्ये केलेल्या प्रयोगांत लोकांना जेमतेम पंधरा मिनिटे एकटे बसवले. त्यांची उत्तेजित मनःस्थिती त्यानंतर खाली आली. चिडचिड, अस्वस्थता कमी झाली, तसा उत्साहही कमी झाला. एकांत स्वतःहून निवडलेल्यांना त्यातून स्वस्थता मिळाली. घरी आल्यावर अर्धा तास कुणाशी न बोलणाऱ्या माणसाला घुम्या म्हणण्याआधी हा प्रयोग आठवायला हरकत नाही.

पण एकांत सगळ्यांनाच मानवतो असेही नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातील टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेला प्रयोग बराच गाजला. रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटे नुसते विचार करत बसायचे. हवे तर एक बटण दाबून स्वतःला विजेचा सौम्य झटका घ्यायचा, एवढीच मुभा. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ महिलांपैकी सहा जणींनी तो झटका घेतला. हा झटका टाळण्यासाठी पैसे मोजू, असे याच मंडळींनी आधी सांगितले होते. घरात शांत बसणे हे काहीच न करणे नाही, ते जमावे लागते, असे म्हणायला हा प्रयोग पुरेसा आहे.

काळजी कधी करावी?

एकांत आणि एकाकीपण यांत गल्लत होते तेव्हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपण जाणवते आणि वर्षाला आठ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला जातो. जपानमध्ये सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ घराबाहेरच्या जगाशी संबंध तोडून राहणाऱ्यांना ‘हिकिकोमोरी’ म्हणतात; १५ ते ६४ वयोगटात अशा व्यक्ती सुमारे १४ लाख ६० हजार असाव्यात, असा तिथल्या सरकारचा २०२३ मध्ये जाहीर झालेला अंदाज आहे.

फरक ओळखायचा कसा? घरात रमणारा माणूस घरात काहीतरी करत असतो. कुंडीची माती बदलतो, रेडिओ खोलून बसतो, नातवाचा अभ्यास घेतो, आणि फोन आला तर बोलतो. आधी जाणारा माणूस अचानक जाईनासा झाला, झोप आणि भूक बिघडली, आवडीच्या गोष्टीतही रस उरला नाही आणि हे आठवड्यांमागून आठवडे चालू राहिले, तर मात्र ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून सोडून देऊ नये. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. घराबाहेर पडणेच ज्याला नको वाटते, त्याला मदतीसाठी आधी घराबाहेर पडावे लागत नाही, ही तिची सोय.

चिकलठाण्यात घरी असणे म्हणजे काय?

शहराची पहिली औद्योगिक वसाहत रेल्वे स्टेशनजवळ झाली, मग चिकलठाण्याची, पुढे वाळूज आणि शेंद्रा. जुने गाव महापालिकेच्या हद्दीत आले, भोवती कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. या भागातल्या घरांचे घड्याळ सूर्याबरोबर चालत नाही, ते पाळीबरोबर चालते. फर्स्ट शिफ्टचा माणूस दुपारी मोकळा होतो, सेकंड शिफ्टचा मध्यरात्रीच्या सुमारास घरी येतो, आणि तिसऱ्या पाळीचा सकाळी येऊन पडदे ओढून झोपतो. लग्न, बारसे, भजन, गप्पांचा कट्टा या सगळ्यांच्या वेळा जनरल शिफ्टवाल्यांच्या सोयीच्या. पाळी आठवड्यागणिक बदलत असेल तर मित्रमंडळ टिकवणेच कठीण. ‘तो कुठे येत-जात नाही’ असे ज्याच्याबद्दल म्हटले जाते, त्याचे कारण पुष्कळदा स्वभावात नसते, कंपनीच्या नोटीस बोर्डावर असते.

दुसरे कारण ऊन. शहराचे तापमान वर्तमानपत्रांत छापून येते, ते चिकलठाणा वेधशाळेतले. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात. मराठवाड्यातल्या माणसाला दुपारी घरात राहणे कुणी शिकवावे लागत नाही. ओढलेले दार, ओली फरशी, कूलरची घरघर आणि माठातले पाणी हे त्याचे जुने शहाणपण आहे. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला मात्र हेही सुख नाही. तिथे दुपारी घरापेक्षा झाडाखाली बरे.

आणि तिसरे, सर्वात मोठे कारण म्हणजे पाणी. जायकवाडीचा नाथसागर शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर असला, तरी गेली कित्येक वर्षे शहरातल्या अनेक वसाहतींना रोज पाणी मिळालेले नाही. कधी चार, कधी आठ दिवसांआड नळ आला, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. त्यातून इथल्या बोलण्यात ‘पाण्याचा दिवस’ हा शब्दप्रयोग रुळला आहे. त्या दिवशी घरातले एक माणूस घरी लागतेच. नळाची वेळ पक्की नसते. पहाटे चारला येईल, नाहीतर रात्री अकराला. मोटार लावायची, टाकी भरायची, हंडे-पिंपे भरायची, साचलेले कपडे धुवायचे, आणि दाब कमी असेल तर शेजाऱ्याची मोटार बंद होईपर्यंत वाट पाहायची. लग्नाची तारीख, माहेरपण, दवाखान्याची वेळ पाण्याचा दिवस पाहून ठरते. हे घरी थांबणे समाधानाचे नाही, पहाऱ्याचे आहे. आणि पहारेकरी बहुतेक घरांत ठरलेली असते.

एकाला विसावा, दुसरीला पाळी?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशात वेळेच्या वापराचे सर्वेक्षण २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये केले. सहा वर्षांवरील माणसे दिवसाचे २४ तास कशात घालवतात, याची त्यात नोंद आहे. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या महिलांचा २०१९ मध्ये त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांचे काम दहा मिनिटांनी कमी झाले म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांनीही नऊ मिनिटे काढून घेतली आहेत. दोघांतले अंतर २०२ मिनिटांचे होते, ते पाच वर्षांत २०१ वर आले.

शिवाय ही सरासरी केवळ घरकाम करणाऱ्यांची आहे. घरकामाला हातच न लावणारे पुरुष त्यात धरलेले नाहीत. २०१९ च्या पाहणीत दिवसभरात काहीही घरकाम करणाऱ्या महिला ८१ टक्के होत्या, पुरुष २६ टक्के.

याच सर्वेक्षणाच्या आकडेवारीवरून आयआयटी दिल्लीचे राहुल गोयल यांनी शहरी भारतातले घराबाहेर पडण्याचे प्रमाण तपासले. पाहणीच्या दिवशी एकदा तरी घराबाहेर पडलेल्या महिला ४७ टक्के, पुरुष ८७ टक्के. म्हणजे शहरांतल्या निम्म्याहून अधिक बायकांनी त्या दिवशी उंबरठा ओलांडला नव्हता. या सगळ्या घरात रमणाऱ्या होत्या असे समजायचे काय? काही असतीलही. पण त्यांना तसे कुणी विचारले असण्याची शक्यता कमी.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये एका अपघात भरपाईच्या निकालात गृहिणीच्या श्रमाची दखल घेताना २०११ च्या जनगणनेचा आधार घेतला. घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या महिला १५ कोटी ९८ लाखांहून अधिक होत्या, पुरुष सुमारे ५८ लाख. घराच्या कामाला ‘काहीच करत नाही’ म्हणणाऱ्या देशात हा केवढा मोठा व्यवसाय आहे.

यातून घरातल्या शांततेचा हिशेब समजतो. पाळीवरून आलेल्याला घर शांत हवे असते, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी लेकरांना गप्प केलेले असते, कुकरच्या शिट्ट्या तो उठेपर्यंत थांबवलेल्या असतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. तिसऱ्या पाळीचा माणूस अशा खोलीत दिवसा झोपतो, तेव्हा बाकीच्यांना घर असूनही नसल्यासारखे होते. मग बायको ओसरीवर धान्य निवडते, पोरे बोळात खेळतात. एकांताची गोडी लागायला आधी जास्तीची एक खोली लागते, हे समाजमाध्यमांवरच्या छायाचित्रांत दिसत नाही.

दोन्ही बाजूंनी प्रश्न टोकदारपणे मांडणारा मराठी चित्रपट म्हणजे जब्बार पटेल यांचा १९८२ चा ‘उंबरठा’. घराच्या चौकटीत मन न रमणाऱ्या बाईची ती गोष्ट. ज्या कादंबरीवरून तो घेतला, त्या शांता निसळ यांच्या कादंबरीचे नाव आहे ‘बेघर’. बाहेर पडण्याची किंमत त्या एका शब्दात आली आहे.

‘घरी राहा’ म्हटल्यावर काय झाले?

घरात राहणे हे कर्तव्य ठरण्याची वेळ मार्च २०२० मध्ये आली. चिकलठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘मिनी घाटी’, करोना रुग्णालय झाले. १० ते १८ जुलै २०२० या काळात शहरात पुन्हा कडक संचारबंदी लागली. या दिवसांत स्वभावाने घरात रमणारेही कंटाळले. बाहेर न जाणे आणि बाहेर जाता न येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा पुरुषांनाही कळले. अनेक बायकांना ते आधीपासून ठाऊक होते.

त्याच काळात याच रेल्वेमार्गावर जे घडले, ते या भागाला विसरता येणार नाही. चिकलठाण्याहून जालन्याकडे निघाले की करमाड लागते. जालन्यातील पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर गावी जाणारी रेल्वे मिळेल या आशेने रुळांवरून चालत निघाले होते. दमून ते रुळांवरच झोपले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली त्यांतल्या १६ जणांचा जीव गेला. देशाला घरी राहा असे सांगितले जात होते, आणि ही माणसे घरी पोहोचण्यासाठीच चालत होती.

परंपरा काय सांगते?

वारी हा महाराष्ट्राचा सर्वात मोठा प्रवास. पण त्याच वारकरी परंपरेत न जाणाऱ्यालाही मान आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे संत सावता माळी यांच्याबद्दल प्रसिद्ध आहे, की ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत; मळ्यातच त्यांनी विठ्ठल पाहिला. आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांची पुण्यतिथी असते आणि पंढरपूरहून देवाची पालखी अरणला येते. भक्त येत नाही म्हणून देवाने जायचे, अशी ही रीत. घरकोंबडा म्हणून सावतोबांची कुणी थट्टा केल्याचे ऐकिवात नाही.

चिकलठाण्याला जवळचे उदाहरण पैठणचे. संत एकनाथ (१५३३-१५९९) हे बायको-मुलांत राहून परमार्थ करणारे संत. संसार टाकून रानात न जाता भरल्या घरात शांत राहता येते, याचा दाखला म्हणून त्यांचे नाव पिढ्यान्पिढ्या घेतले जाते. ते देवगिरीला गुरू जनार्दनस्वामींकडे राहिले, काशीलाही गेले, पण त्यांचे सारे पुन्हा पैठणच्या घरी येऊन मिळते.

या घराची एक कथा मराठवाड्यात सर्वांना माहीत आहे. नाथांकडे श्रीखंड्या नावाचा एक गडी बारा वर्षे कावडीने गोदावरीचे पाणी आणून रांजण भरत होता, आणि तो साक्षात देव होता. हा रांजण आजही वाड्यात दाखवतात, नाथषष्ठीच्या सुमारास त्याची पूजा होते आणि भाविक तो भरतात. कीर्तनकार ही कथा देवाच्या भक्तवत्सलतेसाठी सांगतात. आठ दिवसांआड नळ येणाऱ्या वसाहतीत बसून ऐकली, तर तिच्यातला घरगुती तपशीलही लक्षात येतो : शांतिब्रह्म म्हटल्या गेलेल्या गृहस्थाच्या घरीही पाणी कुणीतरी भरतच होते. फरक इतकाच, की नाथांच्या घरी ते भरणाऱ्याची आठवण ठेवली गेली.

जग खरेच घराकडे वळते आहे का?

काही देशांत तरी तसे दिसते. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, तिथली माणसे २००३ च्या तुलनेत २०२२ मध्ये दिवसाला सरासरी एक तास ३९ मिनिटे अधिक वेळ घरात घालवत होती. घरून काम, घरपोच जेवण, घरबसल्या सिनेमा ही त्याची उघड कारणे. आपल्याकडे मात्र एकाचे घरबसल्या जेवण म्हणजे दुसऱ्याची भर उन्हातली दुचाकीवरची फेरी. आणि कारखान्यातली लाइन घरून चालवता येत नाही. चिकलठाणा, वाळूज, शेंद्र्याच्या कामगाराला ‘वर्क फ्रॉम होम’ ही दूरचित्रवाणीवर ऐकायची गोष्ट.

म्हणून या भागात घरातल्या समाधानाची चर्चा करायची तर ती पडदे, पुस्तके आणि कॉफीच्या कपांपासून सुरू करता येणार नाही. पाळीचे वेळापत्रक महिनाभर आधी कळणे, संध्याकाळी बाईला एकटीला निर्धास्त जाता येईल असा दिव्यांचा रस्ता आणि बस असणे, आणि नळाची वेळ ठरलेली असणे, या गोष्टी आधी येतात. शहराच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. तेव्हा १,६८० कोटींची असलेली ही योजना पुढे २,७४० कोटींवर गेली. तिचा हिशेब आजवर किलोमीटर, व्यास आणि कोटींत मांडला गेला. ती पूर्ण क्षमतेने चालून रोज पाणी आले, तर घरोघरी पाण्याच्या दिवसाची राखण संपेल आणि एकेका बाईचा आठवड्यातला एक दिवस मोकळा होईल. त्या दिवशी ती आठवडी बाजाराला जाईल, माहेरी जाईल, की दार लोटून दुपारभर घरातच पडून राहील, हे तिचे तिने ठरवायचे.